कानातले बिल्ले

प्रयोगशाळेत तिला सगळे पाठीमागे ‘हवालदार’ म्हणत आणि ते तिला ठाऊकही होतं. घरी दूध तापवण्याआधी ती दोनदा हुंगायची. नवरा वेळेवर आला, तर "आज लवकर कसे?" म्हणून त्याचीच उलटतपासणी. बिचारा मुद्दाम थोडा उशिरा यायला लागला होता.

तिचं काम उंदरांचं. भास घडवणारं औषध टोचलं की ते मेंदूतल्या सेरोटोनिनच्या रिसेप्टरवर, म्हणजे सेरोटोनिनच्या हक्काच्या जागेवर जाऊन बसतं आणि उंदीर भिजलेल्या कुत्र्यासारखा डोकं झटकतो. आधी दुसरं, अडवणारं औषध दिलं तर ती जागा अडलेली असते. मग उंदीर गप्प राहतो. कोण झटकतो, कोण नाही, हे तिनं बघायचं.

शेपटीवरच्या शाईच्या खुणा पुसट व्हायला लागल्या, तशी तिच्या मनात पाल चुकचुकली. पिंजरे सांभाळणारे मामा उंदरांची अदलाबदल करत असणार! तिनं स्वतःच्या हातानं एकेकाच्या कानात पितळी बिल्ला अडकवला. आता करा म्हणावं लबाडी.

त्यानंतर अडवणारं औषध दिलेले उंदीरही डोकी झटकायला लागले. औषधांच्या फ्रिजची चावी मामांकडे. झालं! औषध बाहेर विकून यांनी बाटलीत पाणी भरलं, असं तिनं साहेबांना सांगून टाकलं. मामांची निवृत्ती तोंडावर आलेली. चौकशी संपेपर्यंत त्यांना खोलीत यायची बंदी झाली.

"बाई, मी बाटलीला हात लावला नाही हो."

"असं सगळेच म्हणतात," ती म्हणाली.

पुढच्या खेपेला एक उंदीर तिच्यासमोर डोकं झटकत होता. त्याला तर नुसतं मिठाचं पाणी टोचलं होतं! मधूनच तो मागच्या पायानं कान खाजवत होता. तिनं उचलून पाहिलं. बिल्ल्याभोवती कान लालभडक सुजला होता. म्हणजे डोकी झटकायला लावत होता तो तिचाच बिल्ला!

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तिनं लपवलं नाही. साहेबांना सगळं सांगितलं, मामांना परत बोलावलं, सर्वांदेखत त्यांची माफी मागितली.

"चालायचंच, बाई," मामा म्हणाले. तिला हायसं वाटलं.

संध्याकाळी घरी निघताना मामा तिच्या टेबलापाशी थांबले आणि त्यांनी दोन्ही खिसे उलटे केले. एक कंगवा, एक रुमाल.

"अहो मामा, हे कशाला?"

"असू द्या. आता रोज दाखवूनच जाईन."