कौसाकडे कुणी कापूस फेकला नाही

हे मी आजवर कुणापुढे बोललेले नाही. आईपुढे नाही, शाळेतल्या ज्या मैत्रिणीला मी सगळं लिहिते तिलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही समोर नाही. समोर असता तर मी तुमच्या डोळ्यांकडेच बघत राहिले असते — हे काय म्हणत असतील मनात? ही खोड जुनी आहे. सगळं तिथूनच सुरू झालं.

मी नागपूरला मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकले. वडिलांची बदली खामगावला झाली आणि त्यांच्या ओळखीनं मला एका जिनिंगच्या ऑफिसात काम मिळालं — साहेबांची इंग्रजी पत्रं लिहायची, बायांची हजेरी घ्यायची. माझी खुर्ची काचेच्या खिडकीशी. काचेपलीकडे लांब शेड आणि रेच्यांची, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांची, रांग. एकेका रेच्यापुढे एकेक बाई, हातानं कापूस आत सारणारी. सरकी खाली गळायची, रुई पलीकडे पडायची. मला त्या दिसायच्या. त्यांनाही मी दिसायचे.

दुपारी त्या घरघरीनं डोळे मिटायला लागत. आणि बोटांच्या जवळच पातं. म्हणून त्यांची एक रीत होती. शेजारणीची मान कलली की तिच्या नवऱ्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं — “अवो, तुहा नामदेव आला पाय फाटकात!” जे नाव तिनं स्वतः कधी उच्चारलं नाही ते असं चारचौघीत ऐकलं की ती लाजून, दोन शिव्या हासडून, टक्क जागी. रांगभर हशा.

हे मला माहीत होतं. कौसानं सांगितलं होतं, पाण्याच्या रांजणापाशी. “हासतो म्हून जागतो, ताई.” कौसा मूळची वरवट बकालची. माझ्याशी आपणहून बोलणारी तेवढी एकच.

मग माहीत असूनही — का?

मी शेडमधून चालले की हशा उठायचा. माझ्या बुटांना हसतात का? माझ्या मराठीला? एकदा अंजनाबाईनं, रांगेतल्या सगळ्यात तोंडाळ बाईनं, थेट मलाच विचारलं, “तुमचावाला कवा येते वो बाई? का तोही इंग्रजीतच येते?” सगळ्या हसल्या. कौसाही हसली. आज वाटतं, त्या मला आपल्या रांगेत घेत होत्या. आज? खरं तर तेव्हाही कुठंतरी कळलं होतं. पण कौसाचं हसणं मला सहन झालं नाही.

मी साहेबांकडे गेले. म्हणाले, बायका आरडाओरडा करतात, कामात लक्ष नसतं, त्यांचं आपसात काहीतरी शिजतं आहे. हे मी इंग्रजीत म्हणाले. इंग्रजीत ते पत्रातल्या मजकुरासारखं निघालं, चुगलीसारखं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी हुकूम आला — जी तोंड उघडेल, ती फाटकाबाहेर.

शेड गप्प झाली. आणि गप्प शेडमध्ये एकच प्रश्न फिरू लागला, “कोनं सांगतलं?” ऑफिसातल्या बाईशी बोलत कोण होतं? रांजणापाशी उभं कोण राहायचं?

मी काचेतून बघत होते. भाकरी खायला बसताना कौसा यायच्या आधीच बायांचा गोल मिटायचा. तिचं लुगडं वाटेत आलं तर ओलांडून जायच्या. जागं ठेवायची नवी युक्ती त्यांनी काढली होती — बोंडाएवढा कापूस चिमटीत वळून पेंगणारीच्या अंगावर टाकायचा, आवाज न करता. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे तो उडायचा. कौसाकडे कुणी फेकत नसे. ती खंगत गेली. हात रेच्यावर, डोळे मात्र इकडेतिकडे — कोण बघतं आहे, कोण पुटपुटतं आहे. रात्री झोपत नसावी. दुपारी ते दिसायचं. आणि मी? मी रांजणावर जाणं सोडलं. तिच्याशी बोलणं सगळ्यांत आधी मीच थांबवलं.

त्या दुपारी तिची मान कलली. मी बघितलं. शेजारच्या अंजनाबाईनंही बघितलं. तिच्या चिमटीत कापूस होता. ती कौसाकडे क्षणभर बघत राहिली, आणि तो कापूस तिनं आपल्याच रेच्यात सारला. माझा हात काचेपाशी होता. काच नुसती वाजवली असती तरी — पण सगळ्यांनी वर बघितलं असतं ना? माझ्याकडे?

मग कौसाची किंकाळी. उजव्या हाताची बोटं गेली.

चौकशीला नागपूरहून कारखान्यांचा गोरा इन्स्पेक्टर आला. त्याला मराठी येत नव्हती. दुभाषी म्हणून मी. बाया भिंतीशी उभ्या, साहेब खुर्चीत. इन्स्पेक्टरनं विचारलं, अपघात कसा झाला? मी मराठीत विचारलं. कौसानं फडक्यात गुंडाळलेला हात छातीशी धरला होता. ती त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

“ताई, बोटायचं जाऊ द्या. मी चुगली केली नाही, एवढं या बायायले सांगा. तुमाले तं मालूम हाय.”

तिला माहीत होतं का? की मी तिच्या बाजूनं बोलेन एवढाच तिचा भरवसा होता? हे मला अजून कळलेलं नाही, आणि त्यावर मी पुष्कळ रात्री घालवल्या आहेत. भिंतीशी उभ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. अंजनाबाईचं तोंड उघडं राहिलं होतं. मराठीतलं एक वाक्य पुरलं असतं.

मी इन्स्पेक्टरकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, ती म्हणते, तिला झोप लागली होती.

त्यानं मान डोलावली. मी काय बोलले ते बायांना कळलं नाही. कौसा वाट बघत राहिली — आता ही आपल्या भाषेत सांगेल म्हणून. मग तिनं मान खाली घातली.

ती वरवट बकालला परत गेली. पोचवायला फाटकापर्यंतही कुणी आलं नाही. अंजनाबाई पुढेही रोज सकाळी मला “राम राम, बाई” करायची, आणि मी तो घ्यायचे.

चुगली मी केली होती. कौसानं नाही.