शिष्यवृत्तीच्या खिडकीपाशी

“अगं, वडिलांचं उत्पन्न विचारतेय, वय नाही! जरा मोठ्याने बोल,” शाळेच्या ऑफिसातल्या सावंत मॅडम खिडकीतून म्हणाल्या आणि रांग हसली. मुलींच्या चुका नकोत म्हणून कॉलेजच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म त्या स्वतःच भरून द्यायच्या. प्रश्न मोठ्याने वाचायच्या, उत्तरं सगळ्यांना ऐकू जायची.

माझ्यापुढे दोघी होत्या, मागे अख्खा वर्ग. ‘बाबा जहाजावर असतात,’ असं मी पहिलीपासून सगळ्यांना सांगत आले होते. शिष्यवृत्तीशिवाय कॉलेज नव्हतं, आणि फॉर्ममध्ये जहाज चालणार नव्हतं. जे इतकी वर्षं झाकलं, तेच उघडल्याशिवाय मदत का मिळू नये?

माझा नंबर आला. मी मागच्या रांगेकडे वळून पाहिलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, पेन खाली ठेवलं आणि उठून बाजूचं दार उघडलं.

“आत ये गं. इथे बस, स्टुलावर.”

दार लागलं. आता खरं न सांगायला रांगेचं निमित्तसुद्धा उरलं नाही.

“वडील काय करतात?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

“ते जहाजावर नसतात, मॅडम,” मी म्हणाले. “कुठे असतात, ते आम्हाला माहीत नाही.”