अद्रकाचा रस आणि एक चप्पल

शाळेत आठवडाभर पोरांवर ओरडून माझा आवाज पार बसला होता. रविवारी आंजीला बाबांकडे गेले, तर दारातच त्यांनी माझा ताबा घेतला. "बोलू नको बाई. अद्रकाचा रस काढतो तुह्यासाठी." मी मिक्सरकडे बोट दाखवलं. ते त्यांनी पाहिलंच नाही. आई गेल्यापासून स्वयंपाकघर त्यांचं आहे आणि तिथला कायदाही त्यांचाच. मिक्सरला पाणी घालावं लागतं, आणि पाणी घातलं की तो रस राहत नाही, सरबत होतं, असं त्यांचं ठाम मत. मला चीड आली, पण आवाजच नसल्यावर भांडणार कशी?

त्यांच्या कायद्यात साल चमच्याच्या कडेनं खरवडायची. चाकू लावला की अर्धं अद्रक सालीबरोबर जातं. मग किसणी, मग जुन्या धोतराचं पांढरं फडकं. त्यात कीस बांधायचा आणि वाटीवर पिळायचा. रस जरा ठेवला की तळाशी पांढरा साका बसतो, वरचा रस तेवढा मधातून घ्यायचा. हे मला ते दरवेळी नव्यानं शिकवतात. साल काढायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या नखापाशी एक बारीकशी चीर होती, तिला अद्रक लागलं आणि मी हात झटकत नळाकडे पळाले. बाबांना मजा वाटली. "एवढ्याशानं?" म्हणत त्यांनी किसणी पुढ्यात ओढली.

किसता किसता त्यांनी चपलेची गोष्ट काढली. ती आमच्याकडे कुणीही आलं की निघतेच. बाबा केळझरच्या गणपतीला गेले होते. येताना बसमधून उतरून घरापर्यंत चालत आले आणि ओसरीत पाहतात तर पायात एकच चप्पल. दुसरी कुठे निसटली, त्यांना पत्ता नाही. "गणपतीनं ठेवून घेतली," ते म्हणाले. मीही बिनआवाजाचं हसले.

मग त्यांनी फडकं पिळलं. रस पिवळा पडायला हवा होता, तो गुलाबी पडला. मला आधी वाटलं फडक्याचा रंग सुटला असेल. पण फडकं पांढरं होतं आणि त्यावर लाल डाग पसरत चालले होते. मी त्यांचा हात ओढला. दोन बोटांची टोकं किसणीवर सोलून निघाली होती, अद्रकाचे तंतू जखमेत अडकले होते, आणि बाबा पिळतच होते.



"बाबा, झोंबत नाही?" कसाबसा आवाज फुटला.

"काय झोंबते?" मग त्यांनी बोटांकडे पाहिलं. "लागलं वाट्टे."

दुसऱ्या कुणाचा हात पाहावा तसा ते स्वतःचा हात पाहत होते. मला एकदम दवाखाना आठवला. बाबांना मधुमेहाच्या गोळ्या लिहून देताना डॉक्टरांनी विचारलं होतं, हातपाय बधिर पडतात का, मुंग्या येतात का. "मले काई होत नाई," बाबा ऐटीत म्हणाले होते. मीही मान डोलावली होती. ते खोटं बोलले नव्हते. त्यांना खरंच काही होत नव्हतं, काहीच कळत नव्हतं. ज्या हातांनी ते चुलीवरचं पातेलं उतरवतात, विळीवर भाजी चिरतात, ते हे हात.

मी नळ सोडून त्यांना तिकडे ओढू लागले. त्यांनी हात सोडवून घेतला, सोललेलं बोट वाटीतल्या रसात बुडवलं आणि थांबले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. आता आठी पडेल, आता बोट झटकतील. काही झालं नाही. नळाचं पाणी वाहत होतं.

बोट तसंच रसात ठेवून त्यांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं.

"मंग ते चप्पलबी अशीच गेली असन," ते म्हणाले.