लिनताईची वही

लिनताईनं कधी चूक गिरगटून टाकल्याचं मला आठवत नाही. आमच्या प्रयोगशाळेचा नियमच तसा होता. वहीत शाईनं लिहायचं, चुकलं तर वरून एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी कारण, सही, तारीख. आम्ही बाकीचे हा नियम कंपनीच्या वहीपुरता पाळायचो. लिनताई किराणाच्या यादीलाही पाळायची. ‘कोथिंबीर’वर रेघ, शेजारी ‘घरी आहे’, सही, तारीख. ती यादी बघून मी पोट धरून हसले होते. ती शांतपणे म्हणाली, “चूक कुठे झाली ते दिसायला नको?”

इकडे परदेशात, बॉथेलच्या त्या बायोटेक कंपनीत नऊ वर्षं आमची टेबलं शेजारी होती. ती चीनमधल्या एका लहानशा गावातून आलेली, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. नवरा तिकडेच नोकरीत, इथे ती आणि मुलगी ग्रेस. नाव नुसतं लिन. ‘ताई’ मी जोडलं. अर्थ सांगितला तर तिनं तो लगेच लिहून घेतला : ‘मोठी बहीण. नात्यातली नसली तरी चालते.’ आम्ही बोलायचो इंग्रजीत. तिचं तुटक आणि नेमकं, माझं भरभर आणि भरमसाट. मी नागपूरची. मला मत विचारावं लागत नाही, ते आधीच तयार असतं. ती मला नेहमी थांबवायची, “वैशाली, आधी नोंद. मत नंतर.”

दर शनिवारी सकाळी ती लायब्ररीत नव्यानं आलेल्या चिनी आयांना इंग्रजी शिकवायची. पुस्तकी नाही, बोलण्यातलं. एका आठवड्याला एक शब्द. त्यासाठी तिनं प्रयोगशाळेतल्यासारखीच वही विकत आणली होती. प्रत्येक पानावर शब्द, चिनीत अर्थ, कोण म्हणतं, कुणाला म्हणतं, कुठे चुकूनही म्हणायचा नाही. पानाच्या तळाशी इंग्रजीत छापलेलं असायचं, ‘वाचले आणि समजले’, आणि साक्षीदाराच्या सहीची रेघ. दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ती वही माझ्यापुढे सरकवायची. “साक्षीदार हवा.” मी डब्यातला घास तोंडात असतानाच सही ठोकायची. वाचायचं कशाला? त्यातलं चिनी मला कळत नव्हतं आणि इंग्रजी मला येतच होतं.

मग त्या हिवाळ्यात ग्रेस खोलीबाहेर यायची बंद झाली. सतरा वर्षांची मुलगी, व्हायोलिन वाजवणारी, एकाएकी शाळा नको, मैत्रिणी नकोत. आईनं दाराबाहेरून काहीही विचारलं तरी उत्तर एकच, इथली पोरं म्हणतात ते ‘मेह’. जेवतेस का? मेह. डॉक्टरकडे जाऊ या? मेह. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी पुढच्या महिन्यातली वेळ दिली होती. तोवर लिनताईच्या हातात तो एक शब्द होता, आणि तिनं तो प्रयोगाला घ्यावा तसा घेतला. किती वाजता म्हणाली, लांब म्हणाली की तोडून, दारापासून किती दूर होती, सगळं त्याच वहीत लिहायला लागली. मला विचारायची, “सई कधी म्हणते हा शब्द? म्हणताना बघते कुठे?” माझी लेक सई चौदा वर्षांची. मी हसून म्हटलं, “अगं, भाजी आवडली नाही की म्हणते. ठीकठाक, काही विशेष नाही, एवढाच अर्थ आहे.”

एका शनिवारी तिनं तोच शब्द वर्गात शिकवला. त्या दिवशी मी सोबत गेले होते. तिनं फळ्यावर लिहिलं : चांगलं नाही, वाईट नाही, इच्छा नाही. नोकरीच्या मुलाखतीत म्हणू नये. मैत्रिणीच्या स्वयंपाकाला तर मुळीच नाही. बायका खिदळल्या, एकमेकींना म्हणून बघायला लागल्या. लिनताई फळ्याकडे तोंड करूनच म्हणाली, “मूल बंद दारामागून म्हणालं तर काय अर्थ, ते मला अजून माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा.” कुणालाच माहीत नव्हतं.

त्यानंतरच्या शुक्रवारी ती जेवायला बसली पण डबा उघडला नाही. “काल ग्रेस दाराजवळ आली. ‘मेह’ म्हणाली, पण आवाज गोड होता. खूप गोड. मला भीती वाटते.”

मला खरंच वाटलं की मी तिला धीर देतेय. म्हटलं, “लिनताई, गोड बोलली तर घाबरतेस काय? सुधारतेय पोरगी! सगळीच मुलं या वयात अशी वागतात गं.” तिनं पेन उघडलं. मग वहीत काहीतरी केलं आणि ती माझ्यापुढे सरकवली. मी एका हातात फोन धरून दुसऱ्या हातानं सही केली.

शनिवारी सकाळी दारामागून काहीच उत्तर आलं नाही. अग्निशमनवाल्यांना बोलावून दार तोडावं लागलं.

ग्रेस वाचली. हे मी लगेच सांगते, कारण मला ते कळायला दोन दिवस लागले आणि ते दोन दिवस मी कुणाच्याही वाट्याला येऊ देणार नाही. पुढचे कित्येक आठवडे लिनताई दवाखान्यात खुर्चीवर बसून होती. मग तिनं नोकरी सोडली. शिकागोला तिची बहीण राहते, तिथे मुलीला घेऊन जायचं ठरलं.

निघण्याआधी ती टेबल आवरायला आली, तो शुक्रवारच होता. गाडीपाशी तिनं वही काढली. “शेवटचं पान राहिलं. सही कर.”

या वेळी मी पहिल्यापासून वाचायला घेतली, तिथेच उभ्यानं. निरीक्षणं सगळी इंग्रजीत होती. साक्षीदाराला वाचता यावीत म्हणून. त्या शुक्रवारचं पान आलं. ‘आवाज गोड होता.’ पुढे ‘मला भीती वाटते’, त्यावर एकच सरळ रेघ, खालचं अक्षर न् अक्षर वाचता येईल अशी. शेजारी कारण : ‘वैशाली म्हणते, सुधारणा आहे.’ त्यापुढे तिची सही, तारीख. आणि तळाशी माझी ऐटबाज सही.

“लिनताई, हे माझ्यामुळे…” मी भर पार्किंगमध्ये रडायला लागले.

“रेघ मी मारली,” ती म्हणाली. “शेजारची सही माझी आहे.” आणि पेन माझ्या हातात दिलं.

मी शेवटचं पान वाचलं, ‘मेह’चंच. तळाशी छापलं होतं, ‘वाचले आणि समजले’. ‘आणि समजले’वर मी एक आडवी रेघ मारली. शेजारी सही केली आणि तारीख घातली.