आमच्या ह्यांचे इंग्रजी सिनेमे

मला इंग्रजी येत नाही. तरी हॉलीवूडच्या जुन्या नट्यांवरून माझ्याशी कुणी वाद घालू नये. कोणती रडताना नाक ओढत नाही, कुणाचा चेहरा एका बाजूनंच चांगला दिसतो आणि म्हणून तिला कायम त्याच बाजूनं उभं करतात, कुणाच्या भुवया खऱ्या आणि कुणाच्या काढलेल्या, हे मला माझ्या सख्ख्या नणंदांपेक्षा जास्त माहीत आहे. भोकरदनच्या शाळेत दहावीपर्यंत शिकलेली, लग्न होऊन जालन्यात मस्तगडात आलेली बाई हे सगळं कुठून शिकली, असं लोक हसून विचारायचे. आता विचारत नाहीत. माझ्याबद्दल बोलायला त्यांना आता दुसरा विषय मिळाला आहे.

शिकवलं आमच्या ह्यांनी. हसनाबादच्या शेतकऱ्याचा हा मुलगा कॉलेजला औरंगाबादला राहिला आणि तिथं सकाळच्या खेळाला इंग्रजी सिनेमे बघत बसला. घरी वाटायचं, पोरगं अभ्यास करतंय. पुढं जालन्यात कचेरीत चिकटले, आमचं लग्न झालं, घरी केबल आली. तिच्यावर एका इंग्रजी चॅनलला रविवारी दुपारी जुने काळेपांढरे सिनेमे लागायचे. हे अगदी टीव्हीच्या पुढ्यात बसायचे, मी मागं भाजी निवडत. एकदा मान वर केली तर एक बाई मोठ्या जिन्यावरून खाली येत होती. कुठं पाय पडतोय ते बघत नव्हती, साडीसारखा काही घोळ सावरत नव्हती, नुसती येत होती. माझी मेथी तशीच राहिली. तेव्हापासून मी त्या बायांच्या नादी लागले ती लागलेच.

खरी नावं ह्यांना पाठ होती. माझ्या जिभेवर ती बसेनात, म्हणून मी माझी ठेवली. ती जिन्यावरची 'मानेची', कारण तशी मान मी माणसात पाहिली नव्हती. एक उंच, गालफडं बसलेला नट होता, त्याला घरी कुणी जेवायला घालत नसावं असं वाटायचं, तो 'उपाशी'. डोळ्यांत कायम पाणी असणारा 'मामा', कारण माझा मामा तसाच दिसायचा आणि तसाच कामाचा नव्हता. मानेचीच्या बाह्या बघून मी शिंप्याकडून फुग्यांच्या बाह्यांचं ब्लाउज शिवून घेतलं. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "ह्ये काय, गॅसचे फुगे लावून आली का?" तरी घरातली सगळी लग्नं मी त्याच ब्लाउजात उरकली.

पण मला समजायचं कसं? तर हे सांगायचे. म्हणजे आधी आवाज पार बंद करायचे, कारण दोन माणसं एकदम बोलायला लागली की आपल्याला कुणाचंच ऐकू येत नाही असं त्यांचं म्हणणं. आणि मग पडद्यावरच्या प्रत्येकाचं बोलणं स्वतः बोलायचे. ते भाषांतर होतं असं मी शपथेवर सांगणार नाही. मानेची जिना उतरायला लागली की हे उपाशीच्या तोंडून म्हणायचे, "बाई, जल्दी उतरा, च्या थंडा होऊन राह्यला." खलनायकानं पिस्तूल काढलं की, "सातबारा कुठं ठिवला ते बराबर सांग, न्हाई तं मोजणीवाल्याला बोलावतो." बागेत हातात हात घेऊन दोघं उभी असली की, "मंग काय ठरलं? भोकरदनच्या गाडीनं जायचं का बापाला इचारायचं?" बायकांचे आवाजही हेच काढायचे, आणि मानेचीला त्यांनी माझ्या आईचा आवाज दिला होता. मी हसून हसून खाली बसायची. पोरगा लहान असताना त्याला वाटायचं, इंग्रजी सिनेमे असेच असतात.

मग एखादी जागा यायची, तिथं हे एकदम गप्प व्हायचे. मी विचारायचं, "खरं काय म्हणाली?" तेव्हा हळू आवाजात खरं सांगायचे. तेवढं एक-दोन वाक्यांपुरतं. बाकी सगळं आमचं होतं. तीस-बत्तीस वर्षं मी त्या सगळ्या नटनट्यांना एकाच माणसाच्या आवाजात ऐकलं, आणि उपाशीचा खरा आवाज कसा आहे हे मला ठाऊकच नव्हतं. कधी वाटलंही नाही की ऐकावा.

गेल्या श्रावणात सकाळी दाढी करताना हे खाली बसले ते उठले नाहीत. त्याबद्दल मी इथं जास्त लिहिणार नाही. मला जमत नाही.

त्याच दिवशी जाऊबाईंनी जुनी चादर आणून टीव्हीवर टाकली. आमच्याकडं हे कुणाला सांगावं लागत नाही. माणूस गेलं की टीव्ही बंद. तेराव्यानंतर काही घरांत लावतात, पण आमच्या भावकीत सव्वा महिना पाळतात, आणि बाईचा नवरा गेला असेल तर तिनं तो कधी लावावा हे तिला सोडून सगळ्यांना ठरवता येतं. मुलगा तेरावा करून पुण्याला नोकरीवर गेला. जाऊबाई माझ्या सोबतीला राहिल्या. राहिल्या म्हणजे चांगुलपणानंच राहिल्या, मी त्यांना नावं ठेवणार नाही. दिवसभर माणसं भेटायला यायची, त्या पाणी द्यायच्या आणि ह्यांची शेवटची सकाळ पहिल्यापासून सांगायच्या. मी भिंतीला टेकून बसलेली. प्रत्येक वेळी ऐकता ऐकता मला वाटायचं, हे कुणा दुसऱ्याच माणसाचं चाललंय. आपल्या माणसाचं काही आठवेनासं झालं होतं. चेहरा फोटोमुळं आठवायचा. आवाज मात्र काही केल्या येत नव्हता. रात्रंदिवस ज्यांनी कान खाल्ले त्यांचा आवाज आठवू नये, याची मला भीती वाटायला लागली. मोबाइलमध्ये शोधलं तर फोटोच फोटो, बोलणं कुठंच नाही.

एका दुपारी जाऊबाई शेजारी पोथीला गेल्या. मी चादर वर केली. मुलानं मला मोबाइलवरून टीव्हीवर सिनेमा लावायला शिकवलं होतं. मानेचीचा तो जिन्याचाच लावला. गल्लीत ऐकू जाऊ नये म्हणून आवाज अजिबात नाही. चोरासारखी पलंगाच्या कडेला बसले. मानेची जिन्याच्या वरच्या पायरीवर आली, खाली उपाशीनं टोपी काढली, त्याचे ओठ हलले, आणि आमचे हे बोलले. आठवले असं नाही म्हणत मी. बोलले. घशात अडकणाऱ्या खोकल्यासकट, "जल्दी" म्हणताना त्यांची जीभ वळायची तशीच वळून. मला इतकं हसू आलं की मी मांडीवर थाप मारली आणि मोठ्यानं हसले.

दारात जाऊबाई उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागं हसनाबादहून दुखवट्याला आलेल्या दोघी.

मी चादर खाली ओढली. त्या दोघी चहा न घेताच गेल्या. संध्याकाळच्या आत हसनाबादेत घराघरात झालं होतं: नवरा जाऊन महिना न्हाई झाला अन् ही टीव्हीपुढं खदाखदा हसून राह्यली. रात्री जेवताना जाऊबाई म्हणाल्या, "बाई, तुला काय व्हतंय का? डोक्यात काय येतं का?" मी म्हणाले, "काही न्हाई ताई." काय सांगणार? की मेलेला माणूस मला टीव्हीतून ऐकू येतो? मग तर गावात बोलायला आणखी चांगलं मिळालं असतं.

आणि तरी मी थांबले नाही. हे मला लोकांनी काय म्हणावं त्यापेक्षा मोठं होतं. जाऊबाईंचा डोळा लागायचा तेवढ्यात मी रोज थोडं बघून घ्यायची. मामाचा लढाईचा, उपाशीचा हॉटेलातला. प्रत्येकात हे होते. हसायचं तेवढं पदर तोंडात कोंबून हसायची. ज्या माणसाला सगळे 'कैलासवासी' म्हणायला लागले होते, तो माझ्या घरात रोज दुपारी सातबारा मागत होता. मी पोटभर जेवायला लागले. जाऊबाईंना तेही खटकलं असणार.

मुलाला कळायचं ते कळलंच. शनिवारी आला तो बॅग न ठेवताच बोलला, "आई, तू हसत होतीस?"

"कोण म्हणालं?"

"सगळे म्हणतायत. काकांचा फोन आल्ता. मला ऑफिसात मान खाली घालून ऐकावं लागलं." त्यानं बॅग खाली टाकली. "बाबांचं तुला काहीच वाटत नाही का गं?"

हे मात्र मला लागलं. जग काही म्हणो, पण ह्यानं? ह्याच्यासमोर आम्ही एवढी वर्षं जगलो. रागानं मी ताटली आपटली. तो म्हणाला, घर बंद करू, तू पुण्याला चल, हा टीव्ही कुणाला तरी देऊन टाकू. त्यानं टीव्हीचं नाव काढलं तसं माझं उसनं अवसान गेलं. मी रडत रडत सगळं सांगितलं. आवाज बंद ठेवला की बाबा बोलतात. तो बंद ठेवल्याशिवाय येत नाहीत. त्यांना इथून काढू नको.

तो ऐकत राहिला. मग उठून बाहेर गेला. आता हा डॉक्टरला विचारायला गेला, असं मी धरून चालले. पण तासाभरानं आला तो डोळे सुजवून. जाऊबाईंना म्हणाला, "काकू, आईला पाहू द्या. कुणी काही बोललं तर माझं नाव सांगा." जाऊबाई म्हणाल्या, "मला काय करायचं? तुमचं तुम्ही बघा." पण त्यांनीच उठून चादर काढली आणि घडी घालून कपाटात ठेवली. त्या दिवशी मला वाटलं, माझ्या पोटी हा आला हे माझं नशीब.

रविवारी दुपारी तो बाजारातून एक लांबट स्पीकर घेऊन आला. टीव्हीखाली ठेवला, वायरी जोडल्या. मी म्हणाले, "हे कशाला?" तो म्हणाला, "आता चोरून नाही पाह्यचं. माझी आई चोर आहे का? गल्लीला ऐकू जाऊ दे." आवाज बंद ठेवते म्हणाले होते, ते त्याला गल्लीच्या धाकानं वाटलं होतं. तो इतका खुशीत होता, बापाच्या जाण्यानंतर पहिल्यांदा. 'नको' माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण त्यानं जिन्याचा सिनेमा आधीच लावला होता, आणि माझ्या खांद्यावर हात टाकून शेजारी बसला होता. आदल्या दिवशीच आम्ही एकमेकांना इतकं दुखवलं होतं. मी पडद्याकडं बघायला लागले.

वाजंत्री घरभर घुमली. मानेची आली. उपाशीनं टोपी काढली, ओठ हलले, आणि कुठल्या तरी परक्या माणसाचा आवाज आला. नाकातला, बारीक, भराभरा बोलणारा. वाईट नव्हता. त्याचाच होता तो, त्याचा त्याला शोभत होता. मानेचीचा आवाज घोगरा होता, पुरुषासारखा. मुलगा मध्ये मध्ये मला अर्थ सांगत होता, अगदी बरोबर अर्थ. "ती म्हणते, तिला उशीर झाला म्हणून माफ करा. तो म्हणतो, थांबायला हरकत नव्हती." इतकं साधं बोलत होती ती, हे मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं.

"कसं वाटलं?" सिनेमा संपल्यावर त्यानं विचारलं.

"छान," मी म्हणाले. लेकरानं एवढ्या मायेनं केलं होतं.

सोमवारी तो पहाटेच्या गाडीनं गेला. दुपारी मी स्पीकर काढून ठेवला, आवाज बंद केला आणि तोच सिनेमा पुन्हा लावला. उपाशीचे ओठ हलले आणि माझ्या डोक्यात तो नाकातला आवाज वाजला. मामाचा लावला. त्याचा तर मी खरा आवाज ऐकलेलाच नव्हता, पण तोही कुणा परक्याच्याच आवाजात बोलायला लागला. हॉटेलातला लावला. बागेतला लावला. एकेक करून सगळे बघितले, सगळे स्वतःचं स्वतः बोलत होते. मला वाटलं, आपणच सुरुवात करून द्यावी, म्हणजे ते पुढचं उचलतील. म्हणून ह्यांचं एक वाक्य मी मोठ्यानं म्हणून बघितलं. खोकला काढून बघितला. परत म्हणून बघितलं. प्रत्येक वेळी आवाज माझाच आला.

आतून जाऊबाईंनी विचारलं, "कोणाशी बोलून राह्यली गं?"

"कोणाशीच न्हाई, ताई," मी म्हणाले.