कांबळेदादांची सही

केबिन मिळाली तरी कांबळेदादा डबा खायला गोदामातच जायचे, हमालांच्या ओळीत. मी तिथेच, एका बिअर कंपनीच्या रत्नागिरीच्या कारखान्यात, बिलं करायची. "दादा, आत पंखा आहे," म्हटलं की म्हणायचे, "वैशाली, आतमध्ये घास उतरत नाय गो."

ती केबिन त्यांना बहिष्कारामुळे मिळाली होती. भरतीला आलेल्यांची आडनावं बघून आमच्या मॅनेजरसाहेबांनी बौद्धवाडीतली माणसं गेटवरूनच परत पाठवली, हे बाहेर फुटलं. आंबेडकरी संघटनांनी बहिष्काराची हाक दिली आणि चिपळूणपासून राजापूरपर्यंत परमिट रूमवाल्यांनी आमचा माल घेणं बंद केलं. कंपनी नमली. करार झाला: वाडीतली माणसं मशीनवर घ्यायची, आणि ती घेतली असं कांबळेदादांनी संघटनांना सहीनिशी कळवायचं. दादा त्याच वाडीतले, कित्येक वर्षं गोदामाचे मुकादम. एका दिवसात संपर्क अधिकारी झाले.

करार होताच बहिष्कार उठला. खप पूर्वीपेक्षा वाढला. माणसं घेतली खरी, पण सगळी हमालीला. सहीचा कागद मात्र दादांच्या टेबलावर आला.

"मशीनवर कोण हाय ते दाखवा, लगेच करतो," ते मॅनेजरना म्हणाले.

दादांना काढता येईना. काढलं तर पुन्हा बहिष्कार. मग त्यांचं कामच काढून घेतलं. फोन नाही, फाइल नाही. आठ महिने दादा काचेमागे नुसते बसून राहिले. नोकरी सोडून द्या, असं मी म्हटलं तर म्हणायचे, "मी उठलो तर सही करणारा दुसरा बसवतील."

वाडीत याहून वाईट. विहारातल्या बैठकीत त्यांच्या सख्ख्या चुलतीने सगळ्यांदेखत विचारलं, "सुधाकरा, तू आमचा का कंपनीचा?" सही अडवून धरलीय, असं दादांनी सांगितलं. "मग त्यांच्या केबिनीत कशाला बसतोस?" चुलती म्हणाली. हे मला त्यांनीच सांगितलं, टेबलावरचा तो कागद सरळ करत.

शेवटी संघटना पुन्हा विचारायला लागल्या आणि पाच जणांना मशीनवर घेतलं. दादा स्वतः जाऊन पाचही जणांना काम करताना बघून आले. सही केली, आणि त्या कागदासोबत राजीनामाही दिला.

"आता कशाला, कांबळे? आता तर सगळं मिटलं," मॅनेजर म्हणाले.

"म्हणूनच."

परवा मासळी बाजारात भेटले. अंगाने पार उतरलेले. वाडीतली निम्मी माणसं अजून बोलत नाहीत, म्हणाले.

"वाईट वाटत असेल ना, दादा?"

"वाटतं गो. पण आता निदान सुधाकराशी बोलत नायत. तेव्हा कंपनीच्या माणसाशी बोलत नव्हते."