संदर्भसूचीतल्या दोघी

माझ्या मुलीचा पहिला शोधनिबंध तिच्या लग्नाच्या आदल्या वर्षीचा, दुसरा लग्नानंतरचा आणि पदोन्नतीची छाननी गेल्या हिवाळ्यातली. हा क्रम मी मुद्दाम नोंदवतो आणि पुढे जे झाले त्याला छाननी समितीच्या अध्यक्षांना व सर्व सदस्यांना जबाबदार धरतो. आज झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला आणि बेसा येथील ते चिंचोळे दुकान आठवले, जिथे माझी ही प्राध्यापक मुलगी नव्या निबंधाची संदर्भसूची ठरलेल्या शैलीत बसवून घेत होती. आधी आडनाव, मग आद्याक्षरे, सगळे वर्णानुक्रमे. मी कुतूहलाने संगणकाच्या पडद्याकडे पाहत होतो. माहेरच्या आडनावाने ती पहिल्याच ओळीत होती, सासरच्या आडनावाने थेट तळाशी. दुकानदाराने विचारले, "ताई, ह्या वरच्या मॅडम अन् खालच्या मॅडम एकाच विषयावर काहून लिहून राहिल्या?" ती हसली. "दोघी मीच आहे, भाऊ." तो म्हणाला, "मंग हा नियम करणाऱ्याच्या गावात बायका नाव बदलत नसतीन." मला ते पटले, नियम दूरच्यांचा होता, त्यांना आपली रीत कशी ठाऊक असणार? समितीतले सगळे मात्र इथलेच, लग्नाच्या पंगतीत जेवणारे. विवाह प्रमाणपत्र जोडलेले असूनही त्यांनी पहिला निबंध 'अन्य लेखिकेचा' ठरवला आणि तिची पदोन्नती रोखली. त्यावर मी पाठवलेल्या एकाही पत्राला उत्तर नाही. म्हणून अध्यक्षांनी आता सर्वांसमक्ष सांगावे: ती अन्य लेखिका कोण, आणि ती कुठे राहते?